पेशीवरची साखर आणि तोंडाचा कर्करोग



ऊस तुटल्यावर तो जितका लवकर गव्हाणीत पडेल तितका उतारा चांगला, हे आपणांस नव्याने सांगण्याची गरज नाही. तुटलेला ऊस दोन-तीन दिवस फडातच उन्हात पडून राहिला की वजन घटते आणि साखरही घटते. केवळ वाळल्यामुळे हे होत नाही. उसाच्या आतच एक विकर असते. विकर म्हणजे ज्याला इंग्रजीत एन्झाइम म्हणतात, पेशीतला कामगारच म्हणा. हा कामगार उसातल्या साखरेचे दोन तुकडे करतो. एक ग्लुकोज, दुसरा फ्रुक्टोज. या तुकड्यांची दाणेदार साखर बनत नाही, ते मळीत जातात. शिवाय शिळ्या उसावर जंतू बसतात. त्यांचे विकर ग्लुकोजचे तुकडे एकाला एक जोडून डेक्स्ट्रन नावाचा चिकट पदार्थ तयार करते. मग रस चिकट होतो, दाणा नीट धरत नाही, आणि उतारा घसरतो.

म्हणजे विकरे दोन प्रकारची झाली. काही साखर तोडणारी, काही साखर जोडणारी. आज आपण या दुसऱ्या प्रकाराविषयी बोलणार आहोत. कारण ती जशी उसाच्या पानात आहेत, तशीच आपल्या तोंडाच्या आतल्या कातडीतही आहेत, आणि तोंडाच्या कर्करोगात त्यांचे काम बिघडते. हा विषय डॉक्टरांचा आहे, आपला नाही, असे कोणी म्हणू नये. खर्रा खाणारे आपल्याच घरात आहेत.

उसाच्या पानात काय होते

उसाचे पान सूर्यप्रकाशात जे अन्न तयार करते त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा सांधा जुळवून साखर बनते. हा सांधा जुळविणारे विकर साखर जोडणाऱ्या मोठ्या घराण्यातले आहे. या घराण्याचे शास्त्रीय नाव ग्लायकोसिलट्रान्स्फरेज. नाव अवघड आहे, लक्षात ठेवण्याची गरज नाही. एवढे ध्यानात ठेवावे की हे विकर सुटी साखर उचलून जोडत नाही. साखरेचा कण आधी एका वाहकावर लादला जातो, जसा ऊस बैलगाडीवर लादतात तसा. मग विकर तो कण वाहकावरून उतरवून घेते आणि नेमक्या जागी चिकटवते. हा वाहक अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ लुई लेलॉयर यांनी शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९७० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतीत साखर कशी जुळते हेही त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखविले. ऊस उत्पादकांनी हे नाव आवर्जून माहीत करून घ्यावे असे आहे.

आपल्या शरीरातील साखरेची झूल

माणसाच्या शरीरात अशी साखर जोडणारी सुमारे दोनशे विकरे आहेत. प्रत्येकाचे काम ठरलेले. कोणी गॅलॅक्टोज जोडतो, कोणी फ्युकोज, कोणी सायलिक आम्ल. ही सर्व साखरेचीच भावंडे आहेत, पण चवीला गोड असतीलच असे नाही. पेशीच्या आत एकामागून एक हे कामगार बसलेले असतात. प्रथिन समोरून सरकत जाते आणि प्रत्येक जण त्यावर आपला कण चढवितो. तयार झालेली साखळी पेशीच्या बाहेरच्या अंगावर येते. पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल घालतात, तशी प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची झूल असते. या झुलीवरूनच एक पेशी दुसरीला ओळखते, शेजारणीला धरून राहते, आणि शरीराची पहारेकरी पेशी आपले कोण, परके कोण हे ठरविते.

याचे घरगुती उदाहरण म्हणजे रक्तगट. ए गटाच्या माणसात एक विकर असते, ते साखळीच्या टोकाला एक विशिष्ट कण जोडते. बी गटाच्या माणसात तेच विकर थोडे वेगळे असते, ते गॅलॅक्टोज जोडते. ओ गटाच्या माणसात ते काम करीत नाही, म्हणून टोक मोकळे राहते. एवढ्याशा फरकावर रक्त कोणाचे कोणाला चालेल हे ठरते.

या बाबतीत महाराष्ट्राचे नाव जगाच्या पुस्तकात आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसांचे रक्त ए, बी, ओ यांपैकी कशातच न बसणारे आढळले. या गटाला आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. या माणसांत फ्युकोज जोडणारे एक विकर काम करीत नाही. त्यामुळे ज्या पायावर ए किंवा बी चढायचे तो पायाच तयार होत नाही. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एखादा असा माणूस निघतो. तो धडधाकट असतो, शेती करतो, संसार करतो. अडचण फक्त रक्त चढविताना येते, कारण त्याला त्याच गटाचे रक्त लागते. तेव्हा एखादी साखर जोडली गेली नाही म्हणजे लगेच रोग, असे समजू नये. रोग तेव्हा होतो जेव्हा एका जागची पेशी सगळी शिस्तच सोडते.

मनीषनगरचा ठेला

आपल्या भागातील पुष्कळ सभासदांची मुले शिक्षण-नोकरीसाठी नागपुरात आहेत. वर्धा रोडवरून रेल्वेमार्ग ओलांडला की बेसा रस्त्याच्या बाजूला मनीषनगर लागते. नोकरदारांची, भाडेकरू विद्यार्थ्यांची वस्ती. येथेही, विदर्भातल्या कोणत्याही गावात दिसतो तसा, पानठेला आहेच, आणि ठेला म्हटला की खर्रा आला. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून खसाखसा घोटायचा, आणि पुडी खिशात. गावातला बाप आणि शहरातला पोरगा, दोघांच्या खिशात तीच पुडी. ऊसतोडीच्या टोळीत तर सकाळची भूक मारण्यासाठीही लोक खर्रा धरतात.

महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी आणली, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीचाही त्यात समावेश झाला. कायदा आहे, पण तोंड ज्याचे त्याचे आहे. पोलीस काही तोंडात डोकावत नाही.

या तीन वस्तू तोंडात काय करतात ते पाहा. तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये पेशीतील जनुकांना इजा करतात. चुना कातडी भाजतो आणि निकोटीन लवकर मोकळे करतो, म्हणून झिंग लवकर चढते. सुपारी मात्र साधी समजली जाते. ती साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसतानाही, माणसाला कर्करोग करणारी वस्तू ठरविले आहे. सुपारीमुळे गालाची आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी या दुखण्याचे वर्णन १९५३ सालीच करून ठेवले आहे. आज ते विशी-पंचविशीतल्या मुलांत दिसते. तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, तर ती धोक्याची चिठ्ठी समजावी.

घराघरांतून मशेरी लावणाऱ्या माता-भगिनींनीही हे वाचावे. छत्तीसगडच्या बाजूला गुडाखू वापरतात. त्यात तंबाखूबरोबर मळी किंवा गूळ असतो. दातांना लावायचे म्हणून ते औषध ठरत नाही.

विकरे बिघडतात तेव्हा

वर्षानुवर्षे इजा सोसून एखाद्या पेशीची जनुके बिघडली की ती भराभर वाढू लागते. त्याचबरोबर तिच्यातील साखर जोडणाऱ्या कामगारांचा हिशोबही बिघडतो. काही विकरे कमी होतात, काही वाजवीपेक्षा जास्त. अंगावरची झूल बदलते. तोंडाच्या कर्करोगात यातल्या चार गोष्टी अभ्यासकांना वारंवार दिसल्या आहेत.

पहिली गोष्ट रक्तगटाची. ए किंवा बी गटाची खूण रक्ताप्रमाणेच तोंडाच्या आतल्या कातडीवरही असते. कर्करोग झालेल्या जागी ही खूण पुष्कळदा नाहीशी होते, कारण ती चढविणारे विकर बंद पडते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथील दंतवैद्यक संशोधकांनी यावर अनेक वर्षे काम केले. खूण गेलेली पेशी जास्त चपळ होते, जागा सोडून सरकू लागते, असे त्यांना आढळले.

दुसरी गोष्ट सायलिक आम्लाची. ‘सायलॉस’ हा ग्रीक शब्द, अर्थ लाळ. हे द्रव्य प्रथम लाळेच्या ग्रंथीतच सापडले म्हणून हे नाव. कर्करोगाची पेशी ते वाजवीपेक्षा जास्त चढविते. त्यामुळे शरीराच्या पहारेकरी पेशींना ती आपलीच वाटते आणि ती सुटून जाते. अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत सायलिक आम्ल आणि ते जोडणारी विकरे यांचा अभ्यास झाला. निरोगी माणसांपेक्षा ही पातळी चढलेली दिसली.

तिसरी गोष्ट फांद्यांची. उसाला फुटवे फुटतात तसे एक विकर साखरेच्या साखळीला जादा फांदी फोडते. शेजारच्या पेशी ज्या प्रथिनांनी एकमेकींचे हात धरतात, त्या प्रथिनांवर अशा फांद्या वाढल्या की पकड ढिली पडते. याच फांद्यांवर लांब साखळ्या वाढतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत उंदरांवर प्रयोग झाले. ते तोंडाच्या नव्हे, कातडीच्या कर्करोगाच्या पेशींचे होते. पेशीवरच्या अशा लांब साखळ्या फुफ्फुसातील एक प्रथिन पकडते आणि रोग तेथे ठाण मांडतो, असे त्यातून दिसले.

चौथी गोष्ट वाढीच्या कुलपाची. पेशीच्या अंगावर वाढीचा हुकूम घेणारी काही प्रथिने असतात. तैवानमध्येही सुपारी खाण्याची सवय मोठी आणि तोंडाचा कर्करोगही मोठा. तेथील संशोधकांनी २०१४ साली दाखविले की साखरेचा पहिला कण चढविणारे एक विकर जास्त झाले, की वाढीचा हुकूम घेणाऱ्या एका प्रथिनाचे काम बदलते आणि तोंडातील कर्करोगाची पेशी अधिक जोमाने आत शिरते.

थोडक्यात सांगायचे तर, तंबाखू-सुपारी आग लावते आणि बिघडलेली विकरे ती आग एका फडातून दुसऱ्या फडात जायला वाट करून देतात.

मग साखर दोषी का?

हे ऐकल्यावर एखादा सभासद विचारेलच, “मंग साहेब, आपण ऊस लावून लोकाईले कॅन्सरच वाटून रायलो का?”

नाही. पेशीवरची ही साखर आपण चहात टाकलेली साखर थेट जाऊन चिकटत नाही. शरीराला ग्लुकोज भाकरीतून मिळते, भातातून मिळते, आणि उपाशी राहिले तर शरीर स्वतःही ते बनविते. त्यातूनच सर्व कण घडतात. साखर सोडली म्हणून कर्करोगाच्या पेशीचे विकर उपाशी मरत नाही. उलट रोग्याला गोड बंद करून, जेवण तोडून अशक्त केले तर ऑपरेशन आणि किरणोपचार सोसण्याची ताकद जाते. रोग्याने काय खावे हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनाच विचारावे.

याचा अर्थ साखर कितीही खावी असा मात्र नाही. आपण साखर कारखान्याचे सभासद असलो तरी खरे तेच सांगितले पाहिजे. जादा गोडाने दात किडतात. तोंडातले जंतू साखरेपासून डेक्स्ट्रनसारखाच चिकट थर दातांवर चढवितात, तेही साखर जोडणाऱ्या विकरानेच. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचा धोका वेगळा. पण तोंडाच्या कर्करोगाचा गुन्हेगार शोधायचा असेल तर साखरेच्या पोत्यात शोधू नये, खर्ऱ्याच्या पुडीत शोधावा.

दुसरे कोणी म्हणेल, “आमच्या बुढ्यानं जनमभर खर्रा खाल्ला, त्याले काही झालं नाही.” असेल. सगळ्याच फडांना आग लागत नाही. म्हणून कोणी पेटती विडी फडात फेकतो काय?

उशीर का महाग पडतो

आता मुख्य मुद्दा. पेशीची पकड एकदा सुटली की ती पहिल्यांदा जाते ती मानेतील गाठींत. सुरुवातीला ही गाठ हाताला लागत नाही, दुखत नाही. बाहेरून सगळे ठीक दिसते आणि आत रोग मुक्कामाला गेलेला असतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी याची मोठी चाचणी केली. तोंडाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत, मानेत गाठ लागत नाही, अशा ५०० रुग्णांचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतील गाठीही काढल्या. उरलेल्यांच्या गाठी दिसल्यावरच काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटात १०० पैकी ८० जण हयात होते, दुसऱ्यात ६७ ते ६८. म्हणजे गाठ दिसण्याची वाट पाहणे शंभरात बारा-तेरा माणसांना भोवले. डॉक्टर जेव्हा “मानेचेही ऑपरेशन करावे लागेल” म्हणतात, तेव्हा “गाठ तर दिसत नाही, मग कायले कापता?” असा वाद घालू नये. त्यामागे हे कारण आहे.

२०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे एका वर्षात सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण झाले. यातले पुष्कळ रुग्ण उशिरा येतात. आधी मलम, मग गावठी औषध, मग “हंगाम आटोपला की पाहू.” ऊस चार दिवस थांबला तर उताऱ्यात तोटा होतो, तो पुढल्या वर्षी भरून निघतो. तोंडातला फोड चार महिने थांबला तर तो तोटा भरून देणारा कोणताही हंगाम नाही.

रक्त तपासून कळेल का?

विकरांची एवढी माहिती झाली तर रक्त-लाळ तपासून रोग ओळखावा, औषधाने विकर बंद करावे, असे वाटणे साहजिक आहे. संशोधन त्या दिशेने चालू आहे. पण सायलिक आम्ल साध्या सुजेत आणि जंतुसंसर्गातही वाढते. त्यामुळे त्या एका आकड्यावरून तोंडाचा कर्करोग आहे किंवा नाही हे ठरत नाही. कोणी असा आकडा दाखवून पैसे मागू लागला तर सावध राहावे. निदान पक्के होते ते फोडाचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत लोकांत आहे. त्या भीतीने तपासणी टाळू नये.

खरी चांगली गोष्ट ही की तोंड डोळ्यांनी दिसते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. पुढे केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठी चाचणी झाली. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन उजेडात तोंड पाहत. २००५ साली निष्कर्ष आला, की तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू या साध्या तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी घटले. नुसत्या पाहण्याने एवढा फरक पडतो.

काय करावे

महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात उभे राहावे. चूळ भरून दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू पाहावा. बोट फिरवून कुठे कठीण लागते का ते पाहावे. पुढीलपैकी काहीही आढळले तर थांबू नये:

पांढरा किंवा लाल चट्टा; दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, मग तो दुखत नसला तरी; तिखट खाल्ल्यावर होणारी आग; तोंड कमी उघडणे; कारण नसताना हलणारा दात; मानेत गाठ.

प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दातांच्या डॉक्टरांकडे दाखवावे. नागपूरला जाणे झालेच तर मनीषनगरसारख्या भागात मुला-नातेवाइकांकडे उतरता येते, आणि तेथून सोयही चांगली आहे. मेडिकल चौकाकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व शासकीय दंत महाविद्यालय आहे. मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. १९६८ साली कर्करोगानेच ज्यांचे देहावसान झाले त्या तुकडोजी महाराजांचे नाव त्याला दिलेले आहे. वर्धा रोडने दक्षिणेकडे मिहानमध्ये एम्स आणि जामठा भागात नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड व ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे.

खर्रा सोडणे सोपे नाही, हे मान्य. पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, हात खिशाकडे जातो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी आहे, तेथे सल्ला मिळतो. सोडल्यावर धोका एका दिवसात जात नाही, पण वर्षागणिक उतरत जातो. तेव्हा “आता सोडून काय फायदा” हे म्हणणे खोटे आहे.

मुकादमांना विशेष विनंती. आपल्या टोळीत कोणाचे तोंड नीट उघडत नसेल, कोणी एकाच गालाने जेवत असेल, तर त्याला एका दिवसाची सुटी द्यावी आणि दवाखान्यात पाठवावे. एका कोयत्याचा एक दिवस बुडेल, पण एक माणूस राहील. सभासदांनीही तोडणी संपण्याची वाट न पाहता घरातील प्रत्येक खर्रा, तंबाखू, मशेरी वापरणाऱ्याचे तोंड या आठवड्यातच पाहून घ्यावे.